मालिनीबाईंचं मत

माझ्या सासूबाईंचं मत मी चोरलं. चोरलं हा शब्द सुधीरला आवडत नाही. "अगं, पेपरवर्क केलंस तू," म्हणतो. सुधीर माझा नवरा. इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, पंधरवड्यातून एकदा बॉनला घरी येतो. तितक्या लांबून सगळं पेपरवर्कच दिसतं.

आणि चोरणारी कोण, तर बायकांच्या मताधिकारावर डॉक्टरेट करणारी मी!

२००९ साली मी इथल्या विद्यापीठात हॅरिएट पेंडल नावाच्या इंग्रज बाईवर प्रबंध लिहीत होते. उत्तर इंग्लंडातल्या एका गिरणगावातली ही शिवणकाम करणारी बाई. मताचा हक्क मागत पुढाऱ्याच्या सभेत घुसली म्हणून दोन महिने तुरुंगात गेली, तिथे उपोषण केलं. बारा वर्षांनी त्याच गावच्या नगरपालिकेत निवडून आली आणि गटारं, सार्वजनिक धुण्याच्या जागा, शाळेतलं दूध यांवरून मरेपर्यंत लोकांचं डोकं खात राहिली.

सासूबाई माझ्या पहिल्या श्रोत्या. नाव मालिनी बर्वे, वय बहात्तर. चाळीस वर्षांपूर्वी सासऱ्यांबरोबर इथे आल्या, पुढे दोघांनी जर्मन पासपोर्ट घेतला. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. भाजी निवडताना त्या रोज विचारायच्या, "काय म्हणतेय तुझी हॅरिएट?" तुरुंगाचं प्रकरण त्यांना फारसं भावलं नाही. "उपास आपल्याला नवे का गं?" म्हणाल्या. पण समोर तेवीस पुरुष, ही एकटी बाई आणि विषय गटाराचा, हे ऐकून त्यांनी हातातली गवार खाली ठेवली.

"आणि बोलली ती?"

"पाऊण तास."

दिवसभर खुशीत होत्या.

ऑगस्टअखेरीस आमच्या शहराच्या निवडणुका होत्या. मला मत नव्हतं. भारतीय पासपोर्ट माझ्याच्यानं सोडवत नव्हता, त्यामुळे दुसऱ्यांच्या मतदानाकडे बघत बसणं नशिबी आलेलं. आमच्या भागातून फ्राऊ लेनर्ट्झ उभ्या होत्या. वाचनालयाची शाखा बंद पडू नये म्हणून त्या भांडत होत्या आणि त्यांची पत्रकं मी घरोघर टाकली होती.

सुधीर फोनवर म्हणाला, "माझं ब्रीफवाल मागवतेयस ना, मग आईचंही मागवून टाक." ब्रीफवाल म्हणजे टपालानं मतदान. घरातले सगळे सरकारी कागद माझ्याकडेच असत. मी भरायचे, "आई, इथे सही" म्हणायचे, आणि त्या चष्मासुद्धा न लावता सही करायच्या.

मतपत्रिकेचा अर्जही तसाच गेला आणि सासूबाईंचा लिफाफा आला. त्यांना हाक मारायला चार पावलं पुरली असती. मी मतपत्रिका उघडली आणि लेनर्ट्झबाईंच्या नावापुढे फुली मारली. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला! या देशात मी पहिल्यांदाच मत देत होते. मग शपथेचा कागद होता : ही मतपत्रिका मी स्वतः भरली आहे. तो घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"आई, इथे सही."

त्यांनी केली. संध्याकाळच्या आत मी लिफाफा टपालात टाकला होता.

मतदानाच्या रविवारी सकाळी त्या नारायणपेठ नेसून दारात उभ्या. हातात पासपोर्ट.

"चल, शाळेपर्यंत सोबत ये. मत देऊन येऊ."

"अहो आई, गर्दी असेल..."

"असू दे की. आजवर हे सांगायचे तिथे फुली मारली. यंदा सगळ्यांची पत्रकं वाचलीत मी, डिक्शनरी घेऊन. आठ दिवस लागले."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चपला घातल्या. शाळा दहा मिनिटांवर होती आणि त्या दहा मिनिटांत मी हवापाण्यावर बोलत राहिले. यादीत काही घोटाळा असेल, त्यांना तसंच मत देऊ देतील, अशी वेडी आशा होती.

टेबलामागच्या बाईंनी यादीवर पट्टी सरकवली. "हं, फ्राऊ बर्वे, तुम्हाला ब्रीफवालचे कागद दिलेले आहेत. सोबत आणलेत का?"

मागची रांग ऐकत होती. सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं.

"गेनाऊ, बरोबर," त्या बाईंना म्हणाल्या. "पाठवले मी टपालानं. वय झालं, विसरले."

ज्यांना इथल्या मराठी मंडळातल्या साठ जणांचे वाढदिवस पाठ, त्या म्हणाल्या, विसरले. बाई गोड हसल्या आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश, मोठ्यानं म्हणाल्या, "काही हरकत नाही हं!" रांगेतही कुणीतरी मायेनं हसलं. माझे कान तापले. "त्या विसरल्या नाहीत, मी केलं," एवढं बोलायला मला जर्मन चांगलं येत होतं. त्याऐवजी मी पुढे होऊन त्यांचं कोपर धरलं, जणू त्यांना खरंच आधार लागत होता. त्यांनी ते सोडवूनही घेतलं नाही.

फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "क्षितिजा, मी मत कुणाला दिलं गं?"

मान वर करवेना. "लेनर्ट्झबाईंना."

"वाचनालयवाली?"

"हो."

थोडं चालून त्या म्हणाल्या, "तिलाच देणार होते मी."

आणि मला हायसं वाटलं. बाकी सगळ्यापेक्षा त्या हायसं वाटण्याची मला आजही जास्त लाज वाटते, कारण मी चक्क म्हणाले, "मग झालं की, आई!"

त्या थांबल्या.

"नाही झालं," त्या म्हणाल्या. "ते तू दिलंस. मी अजून दिलेलंच नाही."