गाडी लागणाऱ्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. तळहातावर मावेन एवढाच. माझं झाकण आता नीट बसत नाही आणि पोटात काहीही नाही. कपाटाच्या वर एका बंद पडलेल्या इस्त्रीशेजारी मी पडून असतो. इस्त्री बोलत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

एका कारखान्यात पत्रा कापून, दाबून, कडा वळवून मला घडवलं. आधी माझ्यात पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. त्या संपल्यावर इतर डबे भंगारात गेले. मला मात्र एका कंडक्टरबाईंनी धुऊन पुसून आपल्या चामड्याच्या पिशवीत, सुट्या पैशांशेजारी जागा दिली.

त्यांची बस डोंगरातून जायची. एक वळण संपलं की दुसरं हजर. निम्म्या प्रवाशांना गाडी लागायची. चेहरे पांढरेफटक पडायचे, कोणी तोंडावर रुमाल दाबून खिडकीकडे सरकायचं. बाईंना ते बघवायचं नाही. त्यांनी उलटी होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या आणल्या. हलत्या बसमध्ये पट्टीतून एकेक गोळी काढत बसायला नको, म्हणून त्या घरीच सगळ्या सोडवून माझ्यात भरायच्या. नाव, मुदत, कोणी किती घ्यायची हे सगळं ज्या पट्टीवर छापलेलं, ती पट्टी केरात जायची. डोकेदुखीच्या गोळ्याही माझ्यातच. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल.

"मावशी, गोळी आहे का हो?"

"आहे ना! घे, टाक तोंडात."

दिवसभर हेच चालायचं. बाई घरी एकट्या होत्या. यजमान गेलेले, लेक लग्न होऊन लांब. घरी एकच ताट, एकच पेला. बसमध्ये मात्र सगळे त्यांना मावशी म्हणत. ती हाक आली की त्या मला इतक्या झटकन बाहेर काढायच्या, की त्या हाकेची त्यांनाच किती भूक आहे ते मला कळायचं. मीही मिरवायचो. खुळखुळत कौतुक करून घ्यायचो.

एका सकाळी एक आई तिच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन बसमध्ये चढली. मागच्या बाकावर बसली. तिसऱ्या वळणावरच मुलीला उलटी झाली. बाईंनी तिला एक गोळी दिली. अख्खी. थोड्या वेळाने मुलीला पुन्हा उलटी झाली.

"पहिली बाहेर पडली असेल गं," बाई म्हणाल्या, "ही दुसरी दे."

मुलगी शांत झाली, आईच्या मांडीवर झोपली. बाईंनी समाधानाने माझं झाकण लावलं.

शेवटचा थांबा आला. आईने मुलीला हाक मारली. मग हलवलं. मग जोरात हलवलं. मुलीचा चेहरा लालबुंद, ओठ कोरडे, आणि डोळे काही केल्या उघडेनात.

"मावशी, ही उठत नाहीये हो!"

ड्रायव्हरने बस थेट दवाखान्याकडे वळवली. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघत विचारलं, "काय दिलंत हिला?"

बाईंनी मला उघडून पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी आत पाहिलं.

"यांतली कुठली? नाव काय? किती ताकदीची?"

"गाडी लागू नये म्हणून दोन दिल्या. नाव नाही ठाऊक," बाई म्हणाल्या. मित्रांनो, मीही काय सांगणार होतो? माझ्या अंगावर पेपरमिंटचं चित्र होतं.

"घरून निघताना मी हिला गाडीचं औषध पाजलं होतं," आई रडत म्हणाली. "चमच्याने. अंदाजानेच."

"म्हणजे एकाच कामाचं औषध तीनदा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लहान मुलाचा डोस वयावर आणि वजनावर ठरतो. तोही आम्हाला विचारून आणि औषधाबरोबर येणाऱ्या मापाने. काही औषधं तर इतक्या लहान मुलांना द्यायचीच नसतात. आणि गाडीचं औषध प्रवासाच्या आधी घ्यायचं असतं. उलट्या सुरू झाल्यावर गोळीमागून गोळी देऊन उपयोग नाही."

मुलीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर बाई मला दोन्ही हातांत धरून बसल्या. ड्रायव्हर शेजारी येऊन बसला.

"बाई, एक सांगू? परवा मला मळमळत होतं, तेव्हा तुम्ही यातलीच गोळी दिली होतीत. पुलाजवळच्या वळणावर माझा डोळा लागला. क्षणभरच. मी बोललो नाही कुणाला."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "अहो, बसमध्ये चाळीस माणसं होती."

"हो. म्हणूनच बोललो नाही."

दुपार उलटल्यावर मुलीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. ती बरी झाली. तिची आई बाईंना रागावली नाही. फक्त त्यांच्या समोरून जाताना तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ते बाईंना जास्त लागलं.

त्याच दिवशी बाईंनी माझ्यातल्या सगळ्या गोळ्या औषधाच्या दुकानात नष्ट करायला दिल्या आणि मला इथे, कपाटावर ठेवलं. गोळी मागणाऱ्यांना त्या आता पुढची जागा देतात, खिडकी उघडतात, लांब समोर बघायला सांगतात. "गोळी डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी घ्या," म्हणतात. हे मला त्या लेकीशी फोनवर बोलल्या तेव्हा कळलं. "लोक म्हणतात, मावशी बदलल्या," असंही त्या म्हणाल्या होत्या.

मागच्या आठवड्यात कित्येक महिन्यांनी दार वाजलं. शेजारची सून आली होती.

"मावशी, उद्या सासऱ्यांना घेऊन प्रवासाला निघतोय. गाडीच्या गोळ्या असतात ना तुमच्याकडे? दोन द्या."

"बस ना आधी. त्यांना दुसरी औषधं चालू आहेत का?"

"डोळ्यांत थेंब घालतात. काचबिंदू आहे."

"मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही देऊ नकोस. काचबिंदू असला की गाडीच्या काही गोळ्या चालत नाहीत. आज संध्याकाळीच विचारून ये."

"एवढं काय मावशी, दोन गोळ्याच तर मागितल्या," ती म्हणाली आणि बसली नाहीच. दार लागलं. बाईंनी तिच्यासाठी पुढे ओढलेली खुर्ची पुन्हा भिंतीला लावली.

मित्रांनो, औषध त्याच्याच वेष्टनात राहू द्या, आणि आपलं औषध प्रेमानेसुद्धा दुसऱ्याला देऊ नका. एखाद्या मावशीने तुम्हाला अशी गोळी नाकारली, तर रागावून निघून जाऊ नका. तो नकार द्यायला तिला फार जड गेलेलं असतं. थोडं बसा तिच्याजवळ. दोन शब्द बोला. ते मात्र मोजून घ्यावे लागत नाहीत.