बेटावरचं वाण

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत, हे कुमुदताईंनी दिवाळीतच जाहीर करून टाकलं होतं. दिल्लीत आर. के. पुरममधल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरात जुने डबे एकात एक घुसून बसले होते आणि एकाचंही झाकण धड लागत नव्हतं. यंदा काहीतरी जिवंत द्यायचं! आणि ते बाल्कनीत आयतंच मिळालं. मातीने भरलेल्या छोट्या छोट्या कुंड्या भिंतीशी मांडून ठेवलेल्या होत्या, वर एक हिरवं पान नाही. सून सृष्टी कोकणात दौऱ्यावर, मुलगा अनुराग ऑफिसात. विचारणार कुणाला? खरं तर विचारायची सवयच कुमुदताईंना नव्हती. त्यांनी कुंड्यांना गेरू लावला, पांढरी नक्षी काढली, मातीत धने चुरून टाकले आणि आलेल्या प्रत्येकीच्या हातात एक कुंडी ठेवली.

"रोज पाणी घालायचं हं. घरची कोथिंबीर खा."

सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. सृष्टी परत येईपर्यंत कुमुदताईंचे पाय जमिनीवर नव्हते.

सृष्टी आली, बाल्कनीचं दार उघडलं आणि तिथेच उभी राहिली. "आई, माझ्या कुंड्या?"

"वाण लुटलं! आणि नुसती मातीच तर होती."

"माती नव्हती. प्रत्येक कुंडीत एक कंद होता. झोपलेला."

मग तिने तिथेच बसून सांगितलं. मालवणच्या समुद्रात एक खडकाळ बेट आहे. तिथे पावसाळ्यात कातळावर बोटभर मातीत एक पांढरं फूल उगवतं, जगात दुसरीकडे कुठेच नाही. बकऱ्यांनी आणि हौशी लोकांनी ते उपटून उपटून संपवत आणलं. सृष्टीने बी आणून दिल्लीच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं हे कंद वाढवले. तिथल्या काचघराचं छप्पर गळायला लागलं म्हणून ते घरी आणून ठेवले होते. ती आत्ता गेली होती ती बेटावर कुंपण घालायला. पावसाच्या आधी कंद तिथे लावायचे होते.

"मग बेटावर कशाला? इथेच बाल्कनीत लावू, मी बघेन," कुमुदताई म्हणाल्या.

"इथे एखादं फूल येईलही. पण तिथला किडा नाही, तिथला वारा नाही, बी धरणार कसं? ते तिथलं आहे, आई. आणि आत्ता त्याला पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही. या थंडीत ओल लागली की कुजलंच."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं; कुमुदताईंकडे ओरडण्याला उत्तर नेहमी तयार असे. पण सृष्टी भिंतीशी सांडलेली माती बोटाने गोळा करत राहिली. तीन वर्षं! आणि आपण वर धने पेरून पाणी घालायला सांगितलं.

पण दिलेलं वाण परत मागायचं कसं? चूक झाली, हे सगळ्या दिल्लीला कळवायचं? कुमुदताईंनी पदर खोचला आणि फोन उचलला. आधी रुचिताला लावला. ती पुण्याची, गुरुग्रामला आयटीत.

"काकू, बिल्कुल मस्त उगवलीय! रोज सकाळी पाणी घालते. कालच पोह्यांवर घातली."

पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या बाईंनी सकाळ-संध्याकाळ पाणी घातल्याचं सांगितलं. तिसरीने तर चटणी केली होती. एरवी पंधरवड्यात चटणीजोगी कोथिंबीर दिल्लीच्या जानेवारीत कशी येते, हे कुमुदताईंनी खोदून खोदून विचारलं असतं. आज त्यांना फक्त पाणी, पाणी आणि पाणी ऐकू येत होतं. प्रत्येकीला त्यांनी एकच हुकूम सोडला. "आता पाणी बंद. मी सांगते म्हणून. आणि रथसप्तमीला कुंड्या घेऊन या. कुणाची कोथिंबीर छान ते बघायचंय. बक्षीस आहे!"

रथसप्तमीला हॉल भरला. बायकांनी कुंड्या टेबलावर मांडल्या आणि कुमुदताई बघतच राहिल्या. हिरवीगार, वीतभर उंच, भरघोस कोथिंबीर! सृष्टीने डोळे मिटून घेतले.

कुमुदताईंनी रुचिताच्या कुंडीतली जुडी धरून जरा ओढली. सगळीच्या सगळी हातात आली, खाली भाजीवाल्याचा रबरबँड.

"रुचिता?"

"सॉरी काकू. यार, इतकी थंडी, बाल्कनीत कोण जाणार! येताना सफलच्या भाजीच्या दुकानातून घेतली."

पुढची कुंडी, तेच. त्याच्या पुढची, तेच. शाळेतल्या बाईंनी तर मुळंही कापून टाकलेली जुडी खोचली होती. एकीनेही पाण्याचा थेंब घातला नव्हता. सृष्टीने एकेका कुंडीत बोट घातलं. माती पिठासारखी कोरडी आणि आत कंद लसणाच्या गड्ड्यासारखा टणक.

"आई, जिवंत आहेत! सगळे जिवंत आहेत!"

कुमुदताईंना एकाच वेळी हसू आलं आणि रागही. आपल्या वाणाला कुणी काडीची किंमत दिली नव्हती, आणि त्या कामचुकारपणानेच घराची लाज राखली होती. मग त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. ज्या बायका मघाशी शरमल्या होत्या त्या आता तोऱ्यात होत्या. फूल आपणच वाचवलं अशी प्रत्येकीची खात्री पटली होती.

तेवढ्यात कुमुदताईंची मैत्रीण अलकनंदा आली. फरीदाबादहून मेट्रो बदलत यायचं म्हणून तिला उशीर झाला होता. कुंडी तिने शालीत गुंडाळून आणली होती. नवरा गेल्यापासून तिला हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नव्हतं. संक्रांतीला कुमुदताईंनी बोलावलं, सगळ्यांच्या देखत कुंकू लावलं आणि कुणाला काही म्हणायचं असेल तर माझ्याशी बोला, असं बजावलं होतं.

तिने शाल सोडली. बोटभर उंच, नाजूक, खरीखुरी कोथिंबीर.

"तू पाणी बंद म्हणालीस गं, पण मान टाकायला लागली. बघवेना. थोडं थोडं घालतच राहिले."

सृष्टीने कुंडी जवळ घेतली आणि ओल्या मातीत हळूच बोट घातलं. कुमुदताई तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. काहीच हललं नाही. तिने बोट बाहेर काढलं आणि पाठीमागे ओढणीला पुसलं.

रुचिताने अलकनंदेला बेटाची हकिकत सांगितली. तिचा चेहरा उजळला. "म्हणजे माझ्याही कुंडीत तो कंद आहे? तोही जाईल ना गं बेटावर?"

"जाईल, काकू," सृष्टी म्हणाली. "तुम्हीच चला लावायला. मेच्या शेवटी निघतोय आम्ही."

चहात साखर जास्त झाली तरी तोंडावर सांगणारी ही मुलगी! तिच्या तीन वर्षांतला एक कंद त्या कुंडीत कुजून गेला होता. इतकी वर्षं कुमुदताई तिला सून म्हणत आल्या होत्या. आज त्यांना ती फार आवडली.

"मीही येणार," त्यांनी जाहीर केलं. "अलकनंदेला एकटीला होडीत कोण बसवेल? चला, बक्षीस अलकनंदेला. आणि बाकीच्यांनी आणलेल्या जुड्या आत आणा, पोहे खोळंबलेत."