एकोणिसावं नाव

ठाण्याहून सरकारचा हुकूम आला, की मुनशिपाल्टीचे निम्मे मेंबर आता लोकांनी निवडायचे. त्यासाठी गावाचे तुकडे पाडले, त्यांना वॉर्ड म्हणतात. आमची आगरी आळी आणि पोपटशेटचा बाजार एकाच वॉर्डात घातला. दूध आणि मांजर एका शिंक्यात. शहाण्यांची कामं, आपण काय बोलावं.

मत फक्त घरपट्टी भरणाऱ्या पुरुषाला; तसे बाजारात अठरा, आळीत एकोणीस. आळीला विहीर हवी होती. बायका अर्धा कोस तुडवत बाजारातल्या विहिरीवर जायच्या आणि शेटची माणसं त्यांना ताटकळत ठेवायची. आपला मेंबर झाला तर आळीत विहीर होईल, म्हणून आमच्या घरधन्यांनी उभं राहायचं ठरलं. समोर पोपटशेट उभे.

मतदारांची यादी करायला कारकून आला तो भर दुपारी. पुरुष मिठागरावर, घरधनी मिठाचं गलबत घेऊन मुंबईला. हा दारोदार विचारतो, "मालकाचं नाव?" सुना तोंडात पदर धरून गप्प. नवऱ्याचं नाव कोण घेईल? यानं लिहून टाकलं, घरात पुरुष नाही. एकोणीस घरं, एकोणीस रांडवा.

धाकटी सून मालन रडत आली. "आत्याबाई, जित्या नवऱ्याची विधवा केली हो मला."

यादी दिवस मावळायच्या आत बंद होणार होती. जाऊ ठमाबाईला घेतलं आणि कचेरी गाठली. नाथा, धाकू, उत्तम... दीर, पुतणे, मुलगे, सगळे माझ्या हाताखाली वाढलेले. अठरा नावं घडाघडा सांगितली.

"एकोणिसावा कोण, बाई?" कारकून गालात हसत होता मेला. पोपटशेट बाकावर पान चघळत बसलेले.

"तुम्हाला ठाऊक आहे."

"ऐकीव लिहिता येत नाही. घरच्यांनी सांगायला हवं."

ठमाबाईकडे पाहिलं. तिचे ते थोरले दीर, तिची जीभ कशी उचलणार?

"यादीत नाही त्याला उभं राहता येत नाही," पोपटशेट म्हणाले. "कायदा आहे, वहिनी."

मी डोईवरचा पदर सावरला आणि लग्नात घेतात तसं भर कचेरीत नाव घेतलं:

"खाजणाला बांध घातला, आगरात पिकलं मीठ;
राघो पाटलांचं नाव घेते, लिहून घ्यावं नीट."

शिपाई हसले. कारकुनानं मुकाट लिहिलं. शेटचं पान तोंडातच राहिलं.

एका मतानं घरधनी निवडून आले. आठ दिवसांत कलेक्टर साहेबानं उरलेले निम्मे मेंबर नेमले, त्यांत पहिले पोपटशेट. पडलेला माणूस मागच्या दारानं आत, आणि खुर्ची आमच्या माणसाच्या पुढची.

पहिल्या सभेला घरधनी नवं पागोटं घालून गेले. दिवेलागणीला परतले.

"विहिरीचं काय झालं?"

"बाजारात फरसबंदी करायचं ठरलं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"हात वर केला."

"फरसबंदीसाठी?"

"सगळ्यांनीच केला. साहेब इंग्रजीत बोलत होता. आपण एकट्यानं खाली ठेवणं बरं दिसलं नसतं."

सकाळी आळीतल्या बायकांना घरी बसवलं आणि रिकामा हंडा घरधन्यांच्या खांद्यावर ठेवला. पागोटं मात्र काढू दिलं नाही. मेंबर पाण्याला चाललेत हे बाजाराला लांबून दिसायला हवं.