अंगण झालेला रस्ता

मित्रांनो, मी एक जुना डांबरी रस्ता आहे. सुरतेहून पलसाण्याकडे जाताना हायवेपासून आत वळते ती दीडशे पावलांची पट्टी म्हणजे मी. मी सरकारचा नाही, खाजगी आहे. माझी कहाणी सांगताना मला थोडी लाज वाटते. थोडी कशाला, चांगलीच वाटते. पण सांगतो.

माझा जन्म एका शेताच्या बांधावर झाला. जमीनमालकाने मागच्या बाजूला अकरा घरांचे प्लॉट पाडले आणि तिथवर जायला वाट हवी म्हणून मला बांधले. आधी मोठी खडी, मग बारीक, वर गरम डांबर आणि त्यावरून रोलर. तेव्हा मी काळा कुळकुळीत दिसत असे. पुढे मालक थकला आणि माझ्या तोंडाशी असलेले आपले घर त्याने हेमराजभाऊंना विकले. कागदावर लिहिले होते, की घराबरोबर रस्ताही विकला आहे, मागच्या अकरा घरांना जाण्यायेण्याचा हक्क राहील आणि रस्त्याची देखभाल घर घेणाऱ्याने करायची.

हेमराजभाऊ खानदेशातले, कापड रंगवण्याच्या मिलमध्ये मास्तर. ते वाक्य वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या आईला, धुरपदाबाईंना, मात्र आभाळ ठेंगणे झाले. वीस वर्षे त्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहिल्या होत्या. दाराबाहेर सगळ्यांचा जिना, तिथे सडा टाकायचा कुठे? "इतलं मोठं आंगन कोना घर शे?" असे त्या सुनेला, सुषमाला, दहादा म्हणाल्या. देखभाल म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. अंगणाची देखभाल म्हणजे झाडू आणि सडा.

दुसऱ्याच सकाळी पाण्याची मोटर सुरू झाली. धुरपदाबाई पाइप धरून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत भिजवू लागल्या. उन्हाळ्यात मागच्या बायका म्हणत, "काकू, तुमच्यामुळं धूळ बसली बघा." मीही खूश होतो. आजवर सगळ्यांनी मला तुडवले होते, अंघोळ घालणारी ही पहिलीच.

आता लाजेची गोष्ट. मला कळत होते. पाणी बारीक भेगांतून आत मुरत होते, खडी सुटत होती. तुम्ही म्हणाल, रस्त्याला कुठे तोंड असते? पण एखादी भेग वेळीच वर दाखवणे माझ्या हातात होते. मी वरून गुळगुळीत राहिलो आणि आतून पोकळ होत गेलो. लाड कुणाला नको असतात?

दुसऱ्या वर्षी माझ्यात खड्डे पडले आणि त्यांचे खापर फुटले गणपतवर. गणपत मराठवाड्यातला, नऊ नंबरच्या घरात राहणारा. त्याचा छोटा टेम्पो होता. टेम्पोतून तो साड्यांचे गठ्ठे आणी आणि त्याची बायको शोभा घरी बसून त्या साड्यांना खडे चिकटवी.

"तुझ्याच टेम्पोनं रस्ता बसला. उद्यापासून बाहेर लाव," हेमराजभाऊ म्हणाले.

"भाऊ, तुम्ही यायच्या आधीपासून टेम्पो आणतोय. आत्ताच कसा बसंल?"

त्याचे कोणी ऐकले नाही. धुरपदाबाईंनीही मुलाच्या बाजूने मान हलवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. चोर तर तिथेच पसरला होता.

टेम्पो हायवेवर राहू लागला आणि शोभा स्कूटरवरून गठ्ठे आत आणू लागली. एका दुपारी पुढ्यातल्या गठ्ठ्यामुळे तिला खड्डा दिसला नाही. पुढचे चाक अडकले, ती पडली आणि उजवे मनगट मोडले. साड्या माझ्या चिखलात पसरल्या. सगळ्यांत आधी धावत आल्या त्या धुरपदाबाईच.

मग हेमराजभाऊंनी रस्त्याचे काम करणाऱ्या भिकन मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पहार घालून माझा एक तुकडा उलटा केला. खाली ओल होती.

"माय, आठे रोज पानी मारतस का?"

"रोज. एक दिन बी खाडा नही," धुरपदाबाई अभिमानाने म्हणाल्या.

"डांबरले पानी म्हनजे वैरी, माय. टेम्पोना काही दोष नही."

धुरपदाबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तीन दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. हेमराजभाऊ त्यांना समजावत होते, "माय, रस्ता नवा करी टाकूत. कोनले सांगानी गरज नही." खरेच, त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलेही नसते. गणपत मात्र जन्मभर रस्ता बिघडवणारा ठरला असता.

चौथ्या दिवशी त्या माझ्यावरून चालत नऊ नंबरच्या दारात गेल्या. शोभा म्हणाली, "काकू, आत या." त्या आत गेल्या नाहीत. शेजारच्या बायका बाहेर येईपर्यंत थांबल्या.

"गणपत, रोज पानी टाकीसन मीच रस्ता बिघाडी टाका. शोभाना हात मन्हामुळे मोडना. सर्वासमोर सांगी राहिनू."

शोभा म्हणाली, "हात बसंल, काकू. पण यांना खोटं पाडलं, ते लई लागलं." धुरपदाबाईंनी मान डोलावली.

पुढे मला नवा थर मिळाला, कडेला पाण्यासाठी चर निघाला आणि टेम्पो पुन्हा आत आला. ज्या दिवशी काम संपले, त्या दिवशी धुरपदाबाईंनी वाकून माझ्यावर हात ठेवला. "तुलेबी तरास दिधा मी," त्या पुटपुटल्या. त्यांनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली होती, आणि खरा गुन्हेगार त्यांच्या हाताखाली गप्प पडून होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

म्हणून आज तुमच्यापाशी बोललो. मित्रांनो, कुणाची काळजी घ्याल तेव्हा त्याला काय सोसते ते आधी विचारा. आणि कुणी तुमची काळजी घेत असेल आणि ती तुम्हाला सोसत नसेल, तर लाडाला भुलून गप्प बसू नका. मी बसलो. शोभाचे मनगट अजून पुरते वळत नाही. खडे ती आता डाव्या हाताने चिकटवते.