शेंदरी पाळणा

"बाळ यायच्या आधी पाळणा घरात आणत नाहीत हो," यशोधरा म्हणाली. पण तोवर हातगाडीवाला आणि चिंतामण दोघे मिळून तो पाळणा जिन्याच्या निम्म्यावर घेऊन आले होते, आणि खालून घरमालकीण आनंदीबाई "भिंतीचा पोपडा निघेल, सांभाळून!" म्हणून ओरडत होत्या.

चिंतामण पोतनीस मध्यभारत सरकारच्या शिक्षण खात्यात कारकून होता. सरकार अर्धं वर्ष ग्वाल्हेरला आणि अर्धं वर्ष इंदूरला बसे. त्याचं टेबल मात्र इंदूरलाच राहिलं होतं, आणि त्याबद्दल तो देवाचे आभार मानी, कारण टेबलाबरोबर त्याची हत्यारंही इथेच राहिली होती. ऑफिसातून घरी आला की कोट खुंटीला आणि माणूस करवतीला. जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या त्या दोन खोल्यांच्या मागे एक अंधारी कोठी होती, तिथे तो मोडक्या खुर्च्यांना पाय लावी, फाटलेले वेत विणी, कपाटांना लाखेचं पॉलिश चढवी. त्यातून चार पैसे करायचा विचारही त्याच्या मनात कधी आला नाही. "लंगडी खुर्ची दिसली की तुझ्या नवऱ्याला मायेचा पाझर फुटतो," आनंदीबाई यशोधरेला म्हणत, आणि ते खरंच होतं.

त्या वर्षी तर बाजारात अशा लंगड्या खुर्च्यांचं पीकच आलं होतं. जहागिऱ्या गेल्या, मोठमोठी घरं आवरती झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणी हलवलं नव्हतं ते सामान रस्त्यावर आलं. हा पाळणा गौतमपुऱ्याच्या वाटेवरच्या एका जहागीरदाराच्या गढीतला होता. उभी चौकट, खरादावर कातून घडवलेले गजांचे कठडे, दोन्ही टोकांना लाकडाचे मोर. वरून मात्र सगळा लालभडक, जाडच्या जाड रंगाने माखलेला. मोरांचे डोळेसुद्धा बुजून गेले होते.

"एकदम बढिया सागवान आहे खाली, मी नख लावून पाहिलं," चिंतामण म्हणाला. "हा सगळा लाल लेप काढून टाकतो. मग बघ कसा सोन्यासारखा निघतो ते." त्याने कौतुकाने पाळण्याला झोका दिला.

यशोधरेने चटकन हात पुढे करून तो थांबवला. रिकामा पाळणा हलवू नये एवढं तरी त्याला कळायला हवं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते.

चिंतामणने दुसऱ्याच दिवसापासून काम सुरू केलं. थंडी कडाक्याची होती, म्हणून कोठीची खिडकी बंद. रॉकेलच्या दिव्याची ज्योत रंगावर धरायची, रंग फुगला की पटाशीने खरवडायचा, आणि उरलेला घासकागदाने घासायचा. लाल थराखाली पांढरा थर निघाला. पांढऱ्याखाली पुन्हा लाल. त्याखाली आणखी एक लाल, जरा काळपट. चिंतामणला मजा वाटे. "कांद्यासारखा आहे गं हा," तो म्हणे. कोठीत तांबडी धूळ तरंगत राही आणि दाराखालून बाहेर येई. त्याचं धोतर, त्याच्या भुवया, त्याचा पानाचा डबा, सगळ्यावर ती बसे. यशोधरा रोज ते कपडे धुई आणि मोरीतून लाल पाणी वाहून जाई. तिला ते पाणी पाहवत नसे, पण का पाहवत नाही हे तिला सांगता आलं नसतं.

एका दुपारी चिंतामण ऑफिसात असताना एक म्हातारी जिना चढून वर आली. पांढरं लुगडं, वाकलेली पाठ. आपलं नाव तिने द्वारकाबाई सांगितलं. त्या गढीत ती दूरच्या नात्यातली आश्रित बाई म्हणून जन्मभर राहिली होती, आणि गढी विकल्यावर जुनी इंदूरमध्येच भाच्याकडे आली होती. हातगाडीवाल्याकडून तिला पाळण्याचं कळलं होतं.

"दाखव मला," ती म्हणाली.

कोठीच्या दारात ती थबकली. आत पाऊलही टाकलं नाही तिने. अर्धा सोललेला पाळणा पाहून तिने पदर तोंडाला लावला.

"बाई गं, हा कशाला आणलात? यात एक मूल टिकलं नाही. गोरीगोमटी लेकरं जन्मायची. रांगायला लागली, कठडा धरून उभी राहायला लागली, की लागायची कुरकुर. पोट धरून रडायची, अन्न टाकायची. मग झटके यायचे. मग संपलं. एक गेलं की जहागीरदार भैरूबाबाला नवस बोलायचे आणि देवाचा शेंदूर तेलात कालवून सगळ्या पाळण्याला चोला चढवायचे. पुढच्याला तरी बाधा होऊ नये म्हणून. तरी पुढचंही जायचं."

"म्हणजे हा रंग..."

"रंग कसला? शेंदूर आहे तो. जितकी लेकरं गेली तितके लेप."

म्हातारी पाणीही न घेता निघून गेली. संध्याकाळी यशोधरेने सगळं चिंतामणला सांगितलं तेव्हा तो हसला. "मग तर चांगलंच की! लेप काढले की भूतही निघून जाईल. आणि हे बघ, खाली आनंदीकाकूंना बोलू नकोस. त्या साऱ्या मोहल्ल्यात डंका पिटतील." यशोधरा खाली गेली नाही. पुढे अनेकदा तिला वाटलं, की त्या दिवशी आपण जिना उतरून खाली जायला हवं होतं.

आधी मिठू पोपट गेला. मागच्या ओसरीत कोठीच्या दाराशीच त्याचा पिंजरा टांगलेला असे, आणि चिंतामण त्याला कुरतडायला लाकडाचे तुकडे देई. पाळण्याची एक तुटकी खुंटी त्याने दिली होती. पोपटाने बोलणं सोडलं, मग मिरची सोडली. मान वाकडी करून तो दांडीवरून खाली पडे, पुन्हा चढे, पुन्हा पडे. एका सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पाय वर करून पडलेला दिसला.

"थंडीने गेला," चिंतामण म्हणाला. पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

मग त्याचं स्वतःचं पोट दुखायला लागलं. पोटात कुणीतरी दोरी पिळतंय असं तो म्हणे. वैद्यांनी वाताचं चूर्ण दिलं. तोंडाला सारखी गोडसर, कळकट चव. ताट पुढे आलं की तो सरकवून देई. चेहरा फिकट पडला, राखेसारखा. आणि जो माणूस लग्नापासून कधी आवाज चढवून बोलला नव्हता, तो आता डाळीत मीठ कमी पडलं म्हणून वाटी भिंतीवर फेकू लागला.

"तो पाळणा बाहेर काढा," यशोधरा एकदा हात जोडून म्हणाली. "मला तुमच्याशी वाद घालायचा नाही. फक्त बाहेर काढा."

"म्हातारीच्या भाकडकथा ऐकून?" तो खेकसला. "होत आलंय माझं काम! फक्त मोर राहिलेत आणि गजांच्या खाचा. तुझ्याच पोरासाठी मरतोय ना मी?"

'मरतोय' हा शब्द त्याच्या तोंडातून निघाला मात्र, यशोधरेने पोटावर हात ठेवला. आतलं मूल हललं तर बरं, असं तिला वाटलं. ते हललं नाही. बऱ्याच वेळाने हललं.

एका रविवारी सकाळी चिंतामण कोठीतून तिला हाक मारू लागला. ती धावली. तो रंधा समोर ठेवून बसला होता आणि उजवा हात पुढे धरून त्याच्याकडे पाहत होता. मनगटापासून पंजा खाली लोंबत होता, दांडी मोडलेल्या पंख्यासारखा.

"वर होत नाही गं," तो लहान मुलासारखा म्हणाला. "दुखत नाही. पण वरच होत नाही." डावा हातही त्याने पुढे केला. तोही हळूहळू लवत गेला.

दुसऱ्या दिवशी टांगा करून दोघे एका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर उतारवयाचे, कमी बोलणारे. त्यांनी हात पाहिले, पोट दाबलं, मग चिंतामणचा ओठ बोटाने खाली ओढून बराच वेळ हिरड्या पाहिल्या.

"छापखान्यात आहात का?"

"नाही जी. सचिवालयात कारकून आहे."

"मग रंगकाम? बॅटरीचं काम? हिरड्यांवर ही निळी रेघ आहे. अंगात शिसं गेल्याशिवाय ही येत नाही."

चिंतामण गोंधळून तिच्याकडे पाहू लागला. यशोधराच बोलली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"डॉक्टरसाहेब, शेंदरात शिसं असतं का?"

"शेंदूर म्हणजे शिसंच, बाई. भाजलेलं शिसं. पांढरा सफेदा तोही शिशाचाच. का?"

तिला आठवलं. लहानपणी घरातल्या बायका सांगत, गवयाचा गळा बसवायचा तर वैरी त्याला पानातून शेंदूर चारतात. ही गोष्ट तर सगळ्यांनाच ठाऊक होती. मग देवाच्या नावाने लाकडावर चढवलेला तोच शेंदूर लेकरांनी चाटला तर काय होईल, हे त्या गढीत इतक्या वर्षांत कुणाच्याच मनात कसं आलं नाही? कठडा धरून उभं राहणारं मूल दुसरं काय करतं? कठडा तोंडात घेतं. ते गेलं की आईबाप त्यावर आणखी एक लेप चढवत.

तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता हात थांबवला. "आणि हे जाळून, घासून काढलंत? बंद खोलीत?" मग त्यांची नजर तिच्या पोटाकडे गेली. "त्यांचे कपडे कोण धुतं?"

"मीच."

त्यांनी तिच्याही हिरड्या पाहिल्या. "दिसत तर काही नाही," ते म्हणाले. "पण दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं. आज घरी जाऊन ती खोली बंद करा. त्या वस्तूजवळ लहान मूल फिरकूसुद्धा देऊ नका."

परतीच्या टांग्यात चिंतामण मांडीवर पडलेल्या आपल्या पंजांकडे बघत राहिला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर खालच्या मजल्यावरून बायकांचं गाणं ऐकू आलं. यशोधरेला आठवलं, आज आनंदीबाईंच्या नातवाचं बारसं. लेक शशिकला बाळंतपणाला आली होती.

चिंतामणने तिचा दंड धरायचा प्रयत्न केला. पंजा नुसता तिच्या हातावर आदळला.

"मी दिला," तो पुटपुटला. "परवा काकू वर आल्या होत्या. इतकी तारीफ केली त्यांनी. म्हणाल्या, बारशाला दे. मी हो म्हटलं. आपण निघाल्यावर खाली नेला असणार."

यशोधरा टांगा थांबायच्या आत उतरली.

ओसरी बायकांनी भरली होती. मधोमध तो पाळणा, झेंडूच्या माळा घातलेला. मोरांच्या पिसांत आणि गजांच्या खाचांत लाल अजून तसंच होतं. कुणीतरी लाकूड चमकावं म्हणून वर तेल चोळलं होतं, त्याने तो लाल सुटून पांढऱ्या दुपट्यावर उतरला होता. बाळ जागं होतं. त्याची एक मूठ कठड्याला घासत होती, मग तोंडाकडे जात होती. मूठ लाल होती.

यशोधरेने कुणाला न विचारता मूल उचललं आणि पदराने त्याची मूठ पुसू लागली. गाणं तुटलं.

"ठेव त्याला!" आनंदीबाई ताडकन उठल्या. "नाव ठेवायची वेळ आणि तू पाळण्यातून मूल काढतेस?"

"काकू, यात विष आहे. शेंदरात शिसं असतं. आत्ता डॉक्टरांनी..."

"विष तुझ्या नजरेत आहे! स्वतःच्या पोटात आहे तरी दुसऱ्याचं बघवत नाही?"

बायकांत कुजबुज सुरू झाली. शशिकला रडकुंडीला येऊन हात पुढे करत होती. यशोधरा मूल छातीशी धरून उभी राहिली. तेवढ्यात चिंतामण दारात आला. त्याला माफी मागायची होती. त्याने दोन्ही हात उचलून जोडायचा प्रयत्न केला. हात वर आले, पण पंजे मनगटातून खाली लोंबले. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तसंच. त्याच्या उघड्या ओठांतून हिरड्यांवरची ती निळी रेघ दिसत होती, आणि चेहऱ्याला रंगच नव्हता.

शशिकलेने पुढे होऊन यशोधरेच्या हातून आपलं मूल घेतलं. पाळण्यात परत ठेवलं नाही. आत नेऊन साबण लावून त्याचे हात धुतले, यशोधरेकडून धुराचं आणि धुळीचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग आईला न विचारता नवऱ्याला म्हणाली, "हा घेऊन जा, मोडा, पण जाळू नका." जावयाने पाळणा अंगणात ओढला, त्यावर पाणी ओतलं, तोंडाला फडकं बांधून कुऱ्हाडीने तोडला आणि तुकडे पोत्यात भरून गावाबाहेरच्या एका पडक्या विहिरीत टाकून आला. चिंतामण जिन्यावर बसून सगळं बघत होता. "सागवान होता हो," एवढंच तो म्हणाला.

आनंदीबाई त्यानंतर यशोधरेशी बोलल्या नाहीत. बारसं मोडलं हे आयुष्यभर त्यांच्या मनातून गेलं नाही. वैशाखात पोतनीसांनी बिऱ्हाड हलवलं. चिंतामणचा डावा हात सुधारला, उजवा निम्मा. ऑफिसात तो टाक बोटांत अडकवून सही करायला शिकला. हत्यारांकडे मात्र फिरून पाहिलं नाही.

ज्येष्ठात यशोधरेला मुलगी झाली. मूठभर, पण जिवंत. चारुलता नाव ठेवलं. मुलगी हसली उशिरा, बसली उशिरा, आणि बरोबरीची मुलं अंगणात गोंगाट करू लागली तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना. शेजारणी म्हणत, काही मुलं उशिराच बोलतात, त्यात काय. यशोधरा मान हलवी. तसंही असेल. पण मोरीतून वाहिलेलं ते लाल पाणी तिला आठवे. मग मुलीला मांडीवर घेऊन ती तिच्या डोळ्यांसमोर वाटी धरी आणि म्हणे, "वाटी. म्हण बेटा, वाटी." मुलगी वाटीकडे न पाहता आईच्या ओठांकडे बघत राही, आणि यशोधरा पुन्हा म्हणे, "वाटी."