डेलियाचं वय

नॉकरो गावात कुणाची आजी कुठल्या घरून आली, हे त्या घरच्यांपेक्षा फिडेल्मा क्रायनला जास्त ठाऊक असायचं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस तिला मुळातच होती. त्यात सरकारने जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदींची सूची इंटरनेटवर खुली केली, मग तर विचारूच नका. उन्हाळ्यात अमेरिकेतून माणसं आपलं मूळ शोधत यायची. फिडेल्मा त्यांना चहा पाजायची, वंशवृक्ष काढून द्यायची आणि इंटरनेटवरही टाकायची. कित्येकांचे बादरायण संबंध तिने जुळवून दिले होते. पैसे घेत नसे, पण कौतुक मात्र पोटभर घ्यायची.

२०१४ साली तिच्या मनात आलं, परक्यांची झाडं पुष्कळ झाली, आता आपल्या डेलियाचं करू. डेलिया मलहर्न तिची शेजारीण, वयाने मोठी, पण दोघींचं अगदी अगं-तुगंचं. फिडेल्माचा नवरा गेला तेव्हा महिनाभर तिच्याकडे चूल पेटली नव्हती. रोजचं जेवण डेलियाकडून यायचं, झाकण घट्ट लावून, एक शब्द न बोलता. अशा बाईसाठी काहीतरी करावं असं वाटणं चूक नव्हतं. जूनमध्ये तिचा वाढदिवस होता, तिच्या म्हणण्याप्रमाणे चौऱ्याहत्तरावा.

डेलिया हे घरातलं लाडकं नाव, म्हणजे कागदावर ब्रिजेट, हे इकडे शेंबड्या पोरालाही कळतं. माहेरचं आडनाव बर्न, आईचं माहेर ड्रूरी. चटकन सापडली. पण वर्ष निघालं १९३४. म्हणजे येत्या जूनला ऐंशी. फिडेल्माला आधी वाटलं, ही थोरली बहीण असणार, लहानपणी गेली असेल आणि तिचं नाव धाकटीला दिलं असेल. तसं तेव्हा घरोघरी चालायचं. म्हणून तिने मृत्यूंची सूची चाळली, १९४० चे जन्म चाळले. त्या घरात दुसरी ब्रिजेट नव्हतीच.

इथे बाईसाहेबांची गाडी रुळावरून घसरली. तिने ठरवलं की बिचाऱ्या डेलियाला स्वतःचं खरं वयच माहीत नाही. जुन्या लोकांचं असं असायचंच. बाप कधीतरी बाजाराला जायचा तेव्हा नोंद करायचा, उशीर झाला की दंड चुकवायला मनाला येईल ती तारीख सांगायचा. डेलियाचा नवरा पॅकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या थडग्याच्या दगडावर खाली डेलियाचंही नाव आधीच कोरलेलं होतं, पुढे १९४० आणि मग मोकळी जागा. तोही त्याच गोंधळाचा भाग, असं फिडेल्मा धरून चालली. डेलिया पेन्शन घ्यायला गावातलं पोस्ट सोडून बसने बॉयलला जायची, आणि तिथे तिचा कुणी म्हातारा प्रियकर असणार अशी सगळे तिची थट्टा करायचे. या गोष्टीवर फिडेल्माने क्षणभर थांबायला हवं होतं. ती थांबली नाही.

तिने गुपचूप टोरांटोला फोन करून डेलियाच्या मुलीला, ऑर्लाला, बोलावून घेतलं. चर्चचा हॉल मिळवला. हॅमची सँडविचेस, मोठ्या भांड्यात चहा, आणि भिंतीवर वंशवृक्ष, इकडून तिकडे पसरलेला. केकवर गुलाबी साखरेत ऐंशीचा आकडा. डेलियाला सांगितलं होतं की पत्ते खेळायला ये.

ती आली. सगळ्यांनी गाणं म्हटलं. ऑर्लाने धावत जाऊन आईला मिठी मारली. डेलिया हसली, रडली आणि मग तिची नजर केकवर गेली.

"अगं, मोठीच बातमी आहे तुला," फिडेल्मा म्हणाली. "तू चौऱ्याहत्तर नाहीस, ऐंशी आहेस. मी शोधून काढलं. सरकारी नोंद आहे."

हॉलमध्ये हशा उसळला. खाटीक मॅलकी तर खुर्चीवर चढायचाच बाकी होता. "वा गं डेलिया! म्हणजे गावच्या पोस्टात वय कळू नये म्हणून बॉयल गाठायचीस तर! प्रियकर कुठला! आणि आम्ही इतकी वर्षं त्याला पाहायला टपलोय."

"सहा वर्षं ढापलीस की आई," ऑर्लाही हसत होती. हातात केकची बशी होती तिच्या. "थांब थांब. तू सोळाव्या वर्षी आजीच्या घरून थेट इथे आलीस ना, डॉक्टरांकडे कामाला? म्हणजे तेव्हा तू बावीसची होतीस. मग मधली सहा वर्षं कुठे होतीस?"

पोरीने सहज विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं. पण हॉलमधल्या सत्तरीपुढच्या बायकांचं हसू एकाएकी थांबलं. प्रत्येकीने आपापल्या बशीत पाहिलं. सोळा वर्षांची मुलगी सहा वर्षं दिसत नाही आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही, याचा अर्थ त्या पिढीला सांगावा लागत नव्हता. एकजण उगाच उठून चहाच्या भांड्यापाशी गेली.

"कामाला होते," डेलिया म्हणाली. "शहरात. कॉन्व्हेंटच्या जोगिणींच्या लाँड्रीत. धुणं धुवायला." तिने सुरी उचलली आणि केक कापायला घेतला. "मॅलकी, तुला कडेचा तुकडा आवडतो ना?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं फिडेल्माला झालं. त्या लाँड्र्या काय होत्या हे तिलाही माहीत होतं. उंच भिंती, बाहेरून कुलूप. कुणाला दिवस गेले म्हणून टाकलेलं, कुणाला फार बोलते म्हणून, कुणाला घरात आणखी एक तोंड नको म्हणून. पगार नाही, सुट्टी नाही, नावसुद्धा बदलायचे. आणि त्या भिंतींआडची बाई तिने गावासमोर आणून उभी केली होती. वर गुलाबी साखर लावून. ऑर्ला तशीच उभी होती, हातातली बशी कुठे ठेवावी हे न सुचल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी फिडेल्मा मागच्या दाराने डेलियाकडे गेली. डेलिया बटाटे सोलत होती. ऑर्ला वरच्या खोलीत होती, रडून झोपलेली.

"डेलिया, मला माहीत नव्हतं गं."

"नव्हतंच. बस."

"मला वाटलं तुलाच माहीत नाही. आणि ते सगळं खुलं होतं, कुणीही पाहू शकत होतं." बोलता बोलता हे किती हलकं आहे ते तिचं तिलाच कळलं.

"माझं स्वयंपाकघरही उघडंच असतं," डेलिया म्हणाली. "तीस वर्षं येतेस. कधी माझे डबे उघडून पाहिलेस का?"

फिडेल्मा खुर्चीच्या कडेवर टेकली.

"पॅकीला मी लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं," डेलिया सालं गोळा करत म्हणाली. "मला वाटलं, जाईल सोडून. तो म्हणाला, ती वर्षं तू जगलीस कुठे? मग मोजायची कशाला? आपण धरू, तू सोळाचीच आलीस. जायच्या आधी दगडवाल्याला बोलावून त्याने तेच कोरायला सांगितलं. म्हणाला, नंतर कुणी तुला मोठी करायला नको." तिने सालं बादलीत टाकली. "त्याने मला सहा वर्षं दिली होती, फिडेल्मा. तू ती एका संध्याकाळी परत घेतलीस."

ती ओरडली असती तर फिडेल्माला सोसलं असतं. पण डेलियाने उठून तिच्यासाठी चहा टाकला, आणि तो चहा प्यावा लागला.

घरी येऊन फिडेल्माने नॉकरोच्या माणसांची इंटरनेटवर टाकलेली झाडं एकेक करून काढून टाकली, सगळ्यात आधी डेलियाचं. पुढच्याच महिन्यात सरकारनेही सूची मागे घेतली. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आयांची माहेरची नावं अशी चव्हाट्यावर नकोत, असा आक्षेप आला होता म्हणे. "तुझं दुकान बंद झालं," मॅलकी म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती फिडेल्माने स्वतःच्या हाताने उघडली होती, आणि आता सरकारने कितीही कुलपं लावली तरी ती मिटणार नव्हती.

ऑगस्टच्या एका रविवारी थडग्यांना आशीर्वाद द्यायचा विधी असतो. सारं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यापाशी उभं राहतं आणि पाद्री पाणी शिंपडत फिरतात. दगड धुतलेले, फुलं ताजी. डेलिया पॅकीपाशी उभी होती आणि शेजारी ऑर्ला, आईचा दंड घट्ट धरून. ती टोरांटोला परत गेलीच नव्हती. जाता येता लोकांच्या नजरा त्या १९४० वर जात होत्या आणि चोरासारख्या परतत होत्या. प्रार्थना संपल्यावर डेलियाने फिडेल्माला हाक मारली.

"मी गेल्यावर कुणीतरी हौसेने हे दुरुस्त करायला येईल. तू असशील ना तेव्हा?"

"असेन," फिडेल्मा म्हणाली. खाली बघूनच म्हणाली.

डेलियाला जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात शिकागोहून एक माणूस आला, बर्न आडनावाचा, भला आणि बडबड्या. फिडेल्मा तेव्हा नवऱ्याच्या थडग्यावरचं गवत उपटत होती. त्याने तिला हाक मारून बोलावलं.

"बाई, तुम्ही इथल्याच ना? या दगडावर चूक आहे बघा. माझ्या आजोबांची ही चुलतबहीण. हिचा जन्म १९३४ चा."

त्याने फोन पुढे धरला. झाड भलत्याच कुणाच्या नावावर होतं, पण मांडणी फिडेल्माने लगेच ओळखली. खालची टीपसुद्धा तिचीच होती, जशीच्या तशी: "घरचे १९४० समजतात. बिचारीला खरं वय माहीत नाही." तिने काढून टाकण्याआधी कुणीतरी उतरवून घेतलं होतं, त्याच्याकडून आणखी कुणी. हातातलं गवत खाली टाकायचंही भान राहिलं नाही.

"दगड बरोबर आहे," ती म्हणाली. "हे चुकलंय."

"पण इथे तर सरकारी नोंदीचा आधार दिलाय."

"असेल. पण तिच्या नवऱ्याने स्वतः उभं राहून कोरून घेतलंय ते. त्याच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?"

तो विचारात पडला. मग त्याने खिशातून पेन काढलं, हातातल्या कागदावरचं वर्ष खोडलं आणि शेजारी १९४० लिहिलं. "मग हे झाड केलं तरी कुणी?"

"होती इथली एक बाई," फिडेल्मा म्हणाली. "तिला सगळ्यांचं सगळं माहीत असायचं."