कळशी घेऊन गेलेल्या यमुनाबाई

मी दरवाजा. या शहरात जुन्या ऐतिहासिक दरवाज्यांना केवढा मान! त्यांच्यापुढं उभं राहून पाहुणे फोटो काढतात. त्या दगडी थोरामोठ्यांशी माझं काही नातं नाही. मी साधा लोखंडी, निळा, दोन पल्ल्यांचा. पडेगावात, दौलताबाद रोडपासून जरा आत, स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांचं एक घर आहे. त्या घराला मी लावलेला आहे.

जहांगीर मिस्त्रींनी मला घडवलं. हे घर चालवणाऱ्या मनस्विनीताई त्यांना म्हणाल्या, "कडी उंच ठेवा. आतल्यांना घर कुठं ते आठवत नाही, पण बाहेर जायचं मात्र बरोबर आठवतं."

"फिकर नको ताई," मिस्त्री म्हणाले, "ये दरवाजा जान देंगा, पर किसी कू जाने नै देंगा!"

मलाही तसंच वाटायचं.

मी उभा राहिलो तेव्हा समोर ज्वारीचं रान होतं. बघता बघता तिथं प्लॉट पडले, रो-हाउस उठली. घरं वाढली, पाणी काही वाढलं नाही. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात आमची बोअर आटली आणि दिवसाआड टँकर यायला लागला.

टँकरचा हॉर्न वाजला की यमुनाबाई ताडकन उठायच्या. वय अठ्ठ्याहत्तर. पोटच्या पोराचं नाव आठवायचं नाही, पण जन्मभर नळावर भांडून पाणी भरलेलं, ते अंगात मुरलेलं. "अगं, पानी आलं! उठा की!" म्हणत, पदर खोचून थेट माझ्यापर्यंत यायच्या. त्यांची काळजी घेणारी गौहर मागून यायची आणि गोड बोलून परत न्यायची.

एका मंगळवारी गौहरची जोडीदारीण रजेवर होती. अकरा जणांमागं गौहर एकटी. बाराच्या उन्हात टँकर आला. चौकीदार कारभारीनं माझे दोन्ही पल्ले सताड उघडले आणि पाइप ओढत हौदाकडं गेला. तेवढ्यात न्हाणीत एक आजोबा घसरायला लागले.

"कारभारी, दरवाज्यावर ध्यान ठेव!" गौहर ओरडली आणि तिकडं धावली.

"व्हय, व्हय," म्हणत कारभारी हौदात डोकावला.

यमुनाबाई स्टीलची कळशी कमरेवर घेऊन आल्या. माझ्या पल्ल्याला हात लावून म्हणाल्या, "सरक रं जरा." आणि गेल्या. उघडा दरवाजा कुणाला काय अडवणार?

जेवायला ताटं मांडली तेव्हा एक ताट तसंच राहिलं.

मग जी पळापळ झाली! रस्त्यावर ट्रकांची रांग, वर आग ओकणारं ऊन. मनस्विनीताईंनी पोलिसांना फोन लावला. कारभारी रडकुंडीला आला. "ताई, माझ्यामुळंच झालं."

"कुणामुळं ते मागून बघू. आधी माणूस शोध!"

तो हमरस्त्याकडं धावला. गौहर मात्र माझ्यापाशी थांबली. धाप लागलेली, ओढणी घामानं भिजलेली. एकदम ती स्वतःशीच म्हणाली, "कळशी कुठंय?" कळशी जागेवर नव्हती. मागच्या वस्तीतून दुसऱ्या टँकरचा हॉर्न ऐकू येत होता. ती उलट्या दिशेनं पळत सुटली.

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं. टँकरभोवती शंभर घागरी, आणि मधोमध यमुनाबाई. "ढकलाढकली नाय पायजे! लेकुरवाळ्या पुढं या!" आणि सगळ्या बाया मुकाट ओळीत उभ्या! गौहरच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं त्यांना ओढलं नाही. आधी दोन घोट पाणी पाजलं, मग शेजारी उभी राहिली.

"माय, आपली कळशी भरली. चला घरी."

"तू कोनाची गं?"

"तुमचीच."

अर्धी वस्ती त्यांना माझ्यापर्यंत पोचवायला आली. एकीनं तर सांगितलं, "परवा बी पाठवा की ह्या मावशीला. आज भांडणं झाली नाईत."

संध्याकाळी मनस्विनीताईंनी सगळ्यांना अंगणात बसवलं. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "रजेवरच्या बाईची बदली मी आणली नाही. एका चौकीदाराला दोन ठिकाणी उभं केलं." तेव्हापासून बदली आल्याशिवाय कुणाला रजा नाही. टँकर आला की माझा पल्ला धरून एक माणूस, पाइपापाशी दुसरा. उघडण्याआधी माणसं मोजायची, लावल्यावर पुन्हा मोजायची.

"आणि यमुनामायला पाणी भरू द्या," गौहर म्हणाली. "रोखलं की त्या घाबरतात."

मग दर टँकरला यमुनाबाई गौहरचा हात धरून हौदापाशी उभ्या राहू लागल्या. ड्रायव्हरला दम भरायच्या, "सांडू नको पानी!" तो बिचारा सलाम ठोकायचा.

आता यमुनाबाईंना टँकरही आठवत नाही. व्हीलचेअरवर बसून चार वाजता माझ्यापाशी येतात, जाणाऱ्या-येणाऱ्याला हात करतात. गौहर नव्या मुलींना काम शिकवते. माझा निळा रंग पार विटलाय, पण बिजागऱ्या अजून ठणठणीत आहेत.

या रस्त्यानं आलात तर आत या. यमुनाबाई नाव विचारतील, दहादा विचारतील, दहाही वेळा सांगा. जाताना मात्र मला नुसतं लोटून जाऊ नका. आतून कुणीतरी कडी लावेपर्यंत दोन मिनिटं थांबा.